सतरावा रॅक

संगणकाच्या हिशेबाने गोदामात सोळा रॅक होते. प्रत्यक्षात सतरा होते. सतरावा मागच्या भिंतीला लागून, दोन खांबांच्या मधल्या अडचणीत उभा होता. तिथे फोर्कलिफ्ट वळत नसे म्हणून त्याला क्रमांक मिळाला नाही, आणि क्रमांक नाही म्हणून संगणकात जागा मिळाली नाही. गोदाम सुरू झाले त्या वर्षी तो काढून टाकायचे ठरले होते. काढायला कोणी आले नाही. या गोष्टीला अकरा वर्षे झाली.

गोदाम औषधांचे आणि रुग्णालयांना लागणाऱ्या सामानाचे होते. कारखान्यांतून माल यायचा, उतरायचा, बॅच आणि मुदत बघून रॅकवर चढायचा आणि रोज सकाळी साडेसहाला सुटणाऱ्या गाड्यांतून एकशे चार रुग्णालयांत पोहोचायचा. अशा जागेची आठवण लोकांना माल पोहोचला नाही की होते. या गोदामाची तशी आठवण कोणाला झाली नव्हती. दर महिन्याच्या तक्त्यात ‘तूट’ नावाचा एक रकाना असे, आणि त्यात अकरा वर्षे शून्य लिहिलेले होते. त्यावरून गोदामाच्या प्रमुख बाईंना सगळे शून्यताई म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने. मुख्य कार्यालयातून आलेल्या एका पाकिटावरही कोणीतरी पेन्सिलीने तेच नाव टाकले होते.

हे शून्य सतराव्या रॅकने सांभाळले होते.

कारखान्याकडून कधी एखादे खोके जास्त येई. ते परत करायला चार सह्या आणि दहा-बारा दिवस लागत, म्हणून ते सतराव्यावर जाई. एखाद्या रुग्णालयाने नको म्हणून परत केलेले धड खोकेही तिथेच जाई. उलट कधी फोर्कलिफ्टचा दात लागून खोके फाटे, किंवा गाडी भरताना एक कमी भरे. मग सतराव्यावरची तीच वस्तू गाडीत चढे आणि गाडी वेळेवर सुटे. यात चोरी नव्हती. तिथली एक बाटलीसुद्धा कोणाच्या घरी गेलेली नव्हती. ही पद्धत ताईंनी सासूबाईंकडून उचलली होती. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, मागच्या रांगेत एक डबा असे. पुढचा कुठलाही डबा रिकामा झाला की तो मागच्यातून भरला जाई. सहा मुले त्या घरात वाढली, पण रिकामा डबा कोणी बघितला नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कारखान्याचा संदेश आला. सलाईनची सातशे बारा क्रमांकाची बॅच परत बोलावली होती. काही बाटल्यांच्या रबरी बुचाशेजारी डोळ्यांना न दिसणारी चीर होती आणि तिथून आत जंतू जाऊ शकत होते. एकही बाटली वापरू नये, प्रत्येक खोके शोधून बाजूला ठेवावे आणि संध्याकाळी पाचपर्यंत अहवाल द्यावा, असे लिहिले होते.

ताईंच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती. कागदावर चारशे वीस खोकी आली होती. त्यातली तीनशे शहाण्णव अडतीस रुग्णालयांत गेली होती आणि चोवीस नवव्या रॅकवर होती. त्यांनी चोवीसवर लाल पट्टी लावून घेतली, दोन माणसे फोनवर बसवली, आणि पावणेबारापर्यंत अडतीसच्या अडतीस रुग्णालयांकडून उत्तर आले. काहींनी वापरलेल्या बाटल्यांचा आकडा दिला, बाकीच्या मोजून कपाटात बंद केल्या. बेरीज चारशे वीस. अहवालातला शेवटचा रकाना ‘तफावत’ होता. तिथे शून्य टाकून झाले.

पाठवायच्या आधी ताई उठल्या आणि मागच्या भिंतीकडे गेल्या. कारखान्याने त्या बॅचची चारशे वीस खोकी लिहिली होती आणि चारशे तेवीस पाठवली होती. हे त्यांना आठवत होते, कारण ‘सतराव्यावर ठेवा’ असे त्यांनीच सांगितले होते.

सतराव्यावर एकच खोके होते.

फोर्कलिफ्टवाल्याला सगळे कासव म्हणत. चौपन्न वर्षांच्या या माणसाला अकरा वर्षांत एकदाही वेगाने फोर्कलिफ्ट चालवताना कोणी पाहिले नव्हते, आणि त्याला त्याचा अभिमान होता. ताईंनी त्याला बोलावले.

“दादा, इथे तीन होती.”

“होती.”

“आता एक आहे.”

“मग दोन गेली.”

“कुठे?”

“लागली तिथे.”

कासवाने टोपी काढली, डोके खाजवले आणि परत घातली. “ताई, सलाईन म्हणजे सलाईन. त्याच्यावरचा नंबर कोण बघतं? सतराव्यावर आपण नंबर बघतच नाही.”

ते खरे होते. बाकीच्या सोळा रॅकवर प्रत्येक खोक्याला बॅच होती, मुदत होती, आल्याची तारीख होती. सतराव्यावर ती फक्त वस्तू असे. तिथून निघालेले खोके ज्या खोक्याच्या जागी जाई, त्याचाच क्रमांक मालासोबत जाणाऱ्या चलानावर राही. म्हणजे सातशे बाराची दोन खोकी दुसऱ्याच क्रमांकाच्या कागदावर कुठेतरी पोहोचली होती, आणि तिथे त्यांना शोधायला कोणी सांगितलेले नव्हते.

“आठवा,” ताई म्हणाल्या.

कासवाला कागद आठवत नसत, गाड्या आठवत. डोळे मिटून तो बोलू लागला. “एक मंगळवारी गेलं, गेल्या मंगळवारी. माझा हॉर्न बिघडला होता त्या दिवशी. मी तोंडाने ओरडत चाललो होतो आणि दात लागला, खोकं फाटलं. ती नदीपलीकडची गाडी. दुसरं... दुसरं शनिवारी. त्या बडबड्या ड्रायव्हरची गाडी. बोलता बोलता एक कमी भरलं.”

“नक्की?”

“हॉर्नचं नक्की. बडबड्याचं पण नक्की. तो त्या दिवशी सासऱ्याच्या ऑपरेशनची पूर्ण कथा सांगत होता, टाक्यांसकट.”

दोन गाड्या, नऊ आणि सात, मिळून सोळा रुग्णालये. ताईंनी यादी छापून आणली. कासव टेबलाच्या कडेला उभा राहिला.

“एक विचारू? अहवालात चारशे वीस मागितलेत, चारशे वीस मिळालेत. वरची तीन तर आलीच नाहीत कागदावर.”

“आली नाहीत.”

“मग?”

“मग काही नाही. तुम्ही जेवून या.”

कासव गेला नाही. त्याने स्टूल ओढले आणि बसला.

साडेबाराला मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन आला. अहवाल झाल्याचे त्यांना कळले होते. “अडतीसपैकी अडतीस, तेही पावणेबाराला. बाकीची गोदामं अजून फोनच शोधतायत. बरं, उद्या समिती बसतेय मध्यवर्ती गोदामाच्या जागेसाठी. तुमचंच नाव पुढे आहे. आजचा अहवाल मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे, म्हणून म्हटलं, लवकर पाठवा.”

“पाचपर्यंत वेळ आहे ना, साहेब?”

“वेळ आहे. पण तुम्हाला वेळ कशाला हवा?”

मध्यवर्ती गोदाम इथल्यापेक्षा सहापट मोठे होते. ताई या गोदामात लेबले चिकटवण्याच्या कामावर लागल्या होत्या. लेबले चिकटवणारे कोणी आजवर त्या जागेवर बसले नव्हते. चार महिन्यांपासून घरी जेवताना हाच विषय असे. नवऱ्याने त्या भागातल्या दोन शाळांत मुलीसाठी चौकशीही करून ठेवली होती.

“एक-दोन गोष्टी तपासतेय,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या तपासण्याला कोण अडवणार,” साहेब हसले आणि फोन ठेवला.

ताईंनी ठरवले ते असे. सोळा रुग्णालयांना फोन करायचे, खबरदारी म्हणून सगळी सलाईन तपासा म्हणायचे, कारण सांगायचे नाही. बाटली सापडली की ती कागदावर कुठे बसवायची ते नंतर बघू. माणसे वाचतील आणि शून्यही वाचेल. हिशेब सरळ होता.

पहिला फोन नदीपलीकडच्या एका रुग्णालयाच्या भांडारपालाला लागला.

“खबरदारी म्हणून एकदा सलाईनवरची बॅच बघता का? सातशे बारा आहे का ते?”

“मला सकाळी दुसरीकडून कळलं ते. तुमचं चलान काढून बघितलं मी. आपल्याकडे ती नाहीच.”

“चलान राहू द्या. बाटल्या बघा.”

“बघतो, थांबा.” दहा सेकंद गेले. “बघितलं. नाही.”

ताई त्या रुग्णालयात दोनदा जाऊन आल्या होत्या. भांडार तळघरात होते, किल्ली वरच्या मजल्यावरच्या परिचारिकेकडे असे. दहा सेकंदांत तो माणूस खुर्चीतूनही उठला नसणार.

दुसऱ्याने फोनवर पानांची सळसळ ऐकवली आणि नाही म्हणाला. तिसरी भांडारपाल बाई अनुभवी होती, तिने उगाच सोंग केले नाही. “ताई, तुमचा कागद असताना मी खोकी कशाला फोडू? इतक्या वर्षांत तुमचं कधी चुकलं का? दुसऱ्या गोदामाचा माल असता तर फोडला असता.”

“तरीपण.”

“बरं, संध्याकाळी बघते. नाहीतर उद्या सकाळी. पक्कं.”

चौथ्याने, पाचव्याने थोड्याफार फरकाने हेच केले. पाचवा तर उलट त्यांनाच धीर देऊ लागला की कामाच्या ताणाने असे होते, आपले बरोबरच असते पण शंका येत राहते.

ताईंनी फोन खाली ठेवला. एक वाजून वीस मिनिटे झाली होती. पाच फोन झाले होते आणि एकही खोके उघडले गेले नव्हते.

“उघडत नाहीत?” कासवाने विचारले.

“नाही.”

“का?”

“माझा कागद आहे म्हणून.”

कासवाने त्यावर बराच विचार केला. “आपला कागद वाईट असता तर बरं झालं असतं,” तो म्हणाला. यात टोमणा नव्हता. त्याला जे दिसले ते त्याने सांगितले.

ताई पाणी प्यायल्या. मग यादीतल्या सहाव्या नावाऐवजी पुन्हा पहिलाच क्रमांक फिरवला.

“मी बोलतेय. मघाशी फोन केला होता.”

“हो ताई. बघितलं ना, नाही म्हणून सांगितलं की.”

“माझं चलान खोटं आहे.”

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? गेल्या मंगळवारच्या गाडीत एक खोकं बदललं होतं. चलानावर वेगळी बॅच आहे, आत सातशे बारा असेल. कोणाकडे गेलं ते माहीत नाही. तुमच्याकडे असू शकतं.”

“कोण बोलतंय?”

“मीच बोलतेय.”

“शून्यताई?”

“हो. आता किल्ली घेऊन खाली जा आणि प्रत्येक बाटली बघा. मी फोन धरून बसते.”

या वेळी त्याला चौदा मिनिटे लागली. त्याच्याकडे ती बॅच नव्हती. पण तो धापा टाकत होता, आणि ताईंनी त्याच्या नावापुढे खूण केली.

यानंतर त्यांनी तेच वाक्य पंधरा वेळा म्हटले. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत आवाज सरळ झाला. एकाने “चेष्टा करताय” म्हटले. अनुभवी बाई म्हणाली, “म्हणजे आधीची पण?” ताई म्हणाल्या, “आधीची पण काही असतील. ते पुढच्या आठवड्यात लेखी देते. आज हे बघा.” फोन तसाच ठेवून ती गेली आणि ट्रॉलीची चाके लांब जाताना ऐकू आली.

तिच्याकडेच पहिले खोके होते. न उघडलेले, वरून तिसरे. ती चोवीस बाटल्यांचे क्रमांक एकेक करून वाचत गेली. ताईंनी तिला थांबवले नाही.

दुसरे तीन वाजून पाच मिनिटांनी सापडले. शनिवारच्या गाडीवरचे शेवटून दुसरे ठिकाण, वीस खाटांचे छोटे रुग्णालय. ते खोके रविवारीच उघडले होते. अकरा बाटल्या वापरल्या होत्या, बारावी वॉर्डात होती. भांडारपाल फोन हातात घेऊनच जिना चढला. “लावलीय?” असे त्याने कोणाला तरी विचारलेले ऐकू आले. एका बाईचा आवाज म्हणाला, “आत्ता लावतेय.” मग तो म्हणाला, “नको लावू. दे इकडे.”

मग तो फोनवर परत आला. “मिळाली. स्टँडला टांगली होती, नळी जोडायची होती.”

“आधीच्या अकरा?”

“डॉक्टरांना सांगतो.”

डॉक्टरांचा फोन चारला आला. अकरा बाटल्या चार रुग्णांना लागल्या होत्या. त्यातल्या एकाला, पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या एका सुताराला, सोमवारी रात्री थंडी वाजून ताप भरला होता. औषध बदलल्यावर तो उतरला. तो अजून तिथेच होता आणि घरी सोडा म्हणून मागे लागला होता. त्याचा ताप बाटलीमुळे आला की नाही, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. उरलेल्या तिघांना काही झाले नव्हते. चौघांच्याही तपासण्या करू, असे ते म्हणाले आणि गोदामाचे नाव दोनदा विचारून लिहून घेतले.

ताईंनी अहवाल पुन्हा उघडला. आलेली खोकी चारशे तेवीस. सापडलेली चारशे तेवीस. कागदाशी तफावत तीन. खाली ‘कारण’ म्हणून चार ओळींची जागा होती, ती पुरली नाही. वेगळे पान जोडून त्यांनी सतराव्या रॅकबद्दल लिहिले: तो कुठे आहे, केव्हापासून आहे, त्याच्यावरून माल कोणाच्या सांगण्याने जातो. शेवटच्या मुद्द्यापुढे स्वतःचे नाव लिहिले.

कासव खांद्यावरून वाचत होता. “गाडीत मी चढवलं होतं.”

“मी सांगितलं म्हणून.”

“दोन्ही वेळा तुम्ही इथे नव्हतात.”

“मी नसताना पण मीच सांगितलेलं असतं, दादा. सही करू द्या.”

चार वाजून बावन्न मिनिटांनी अहवाल गेला. साहेबांचा फोन पाच वाजून एक मिनिटाने आला. ते रागावले नाहीत. “हे वेगळं पान,” ते म्हणाले, “हे आजच जोडायची गरज होती का?”

“सुताराला ताप आला होता, साहेब.”

“त्याचं कारण माहीत नाही असं तुम्हीच लिहिलंय.”

“हो. माहीत नाही.”

उद्या ते पान काढून समितीपुढे जाता येणार नाही, एवढेच साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी घरी जेवायच्या आधी ताईंनी स्टूल घेतले आणि वरच्या फळीवरचा मागचा डबा खाली काढला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय संपलं?”

“काही नाही. यात काय काय आहे?”

“आहे सगळं थोडं थोडं.”

“कधीचं आहे?”

“मला काय माहीत? लागेल तेव्हा असतं. तू दमलीयेस, ठेव ते वर.”

ताईंनी झाकण उघडून वास घेतला. काही बिघडले नव्हते. त्यांनी डबा परत वर ठेवला. रात्री नवऱ्याला त्यांनी सगळे सांगितले. त्याने शाळांबद्दल काही विचारले नाही.

मध्यवर्ती गोदामाची जागा दुसऱ्या गोदामाच्या प्रमुखाला मिळाली. त्याच्या तक्त्यात दर महिन्याला सात-आठची तूट असे. ताईंना लेखी समज मिळाली, पगारवाढ वर्षभर थांबली आणि तपासनीसांचे पथक आठ दिवस गोदामात बसले. त्यांना चोरी सापडली नाही, त्यामुळे ते जरा गोंधळले. जाताना त्यांनी मागच्या रॅकला ‘१७’ अशी पाटी लावली आणि संगणकात घेतले. त्याच्यापुढे शिल्लक शून्य दिसू लागली. सुतार तिसऱ्या दिवशी घरी गेला होता. चौघांच्या तपासणीत काही निघाले नाही.

पथक गेल्यानंतरच्या सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, नदीपलीकडची गाडी भरताना, कासवाच्या फोर्कलिफ्टचा दात एका सलाईनच्या खोक्याला लागला. खालून पाणी टपकू लागले. सलाईनचे दुसरे खोके शिल्लक नव्हते, आणि नवा माल बुधवारी येणार होता. कासवाने सवयीने मागच्या भिंतीकडे बघितले.

“शून्यताई,” तो म्हणाला, मग थांबला. “का आता तीनताई म्हणायचं?”

“म्हणा काहीही. एक कमी लिहा.”

“कुठे लिहू?”

चलानावर ‘कमी’ नावाचा रकाना होता. तो आजवर कोणी भरला नव्हता, त्यामुळे तो आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. ताईंनी त्यात एक लिहिले. गाडीच्या ड्रायव्हरने कागद उजेडात धरून उलटसुलट बघितला. कमी माल घेऊन निघालो तर वाटेत आपल्यावर येईल का, असे त्याने विचारले. येणार नाही, असे ताईंनी दोनदा सांगितले. तरी त्याने त्या रकान्याशेजारी त्यांची सही घेतली. गाडी सहा वाजून पन्नास मिनिटांनी सुटली, वीस मिनिटे उशिरा.

साडेनऊला तळघरातल्या भांडाराचा फोन आला.

“ताई, सलाईनचं एक खोकं कमी आहे.”

“हो, लिहिलंय चलानावर.”

“चलान नंतर बघितलं. आधी मोजली.”

“सगळी?”

“सगळी. बॅच पण बघितली, बाटली बाटली.” त्याला अजून धाप लागलेली होती. “आता हे रोजचं काम झालं का माझं?”

“हो,” ताई म्हणाल्या. “बुधवारी एक जास्त येईल. ते पण मोजा.”